अंडी आटली, तर पुडीआधी पोतं बघा

प्रश्न : घरामागच्या खुराड्यात आमच्या बारा कोंबड्या आहेत. पाच आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), दीड वर्षाच्या. चार गावरान. सात महिन्यांच्या दोन कावेरी जातीच्या तलंगा (तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा. गणपतीपर्यंत रोज पाच-सहा अंडी मिळत होती. दिवाळीपासून एक-दोनावर आली आहेत. दोनदा सकाळी दांड्याखाली बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्याचं अंडं पडलेलं दिसलं. एक आरआयआर दीड दिवस शेपूट पाडून उभी राहून कुंथत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पातळ अंडं टाकलं आणि सुधारली. दुसरीची मान उघडी पडली आहे. एक-दोन अंडी फोडून खाल्लेली सापडली. खायला ब्रॉयलरचं फिनिशर खाद्य आणि उरलेला भात किंवा कणी निम्मं-निम्मं घालते, वर मूठभर ज्वारी. संध्याकाळी चार वाजता मोकळ्या सोडते. शेजारच्या काकू पाण्यात खायचा चुना टाकायला सांगतात. दुकानदारानं अँटिबायोटिकची पुडी आणि कॅल्शियमची बाटली दिली. पुडी दोन दिवस दिली आहे. पुढे देऊ का? आणि ती कोंबडी पुन्हा तशी अडली तर काय करू? (एक वाचक, वाई तालुका, जि. सातारा)

उत्तर : ताई, पुडी थांबवा, पण पाकीट फेकू नका, ते लागणार आहे. तुमच्या पत्रात कोंबड्या शिंकताहेत, हिरवट हगताहेत, माना टाकून बसल्या आहेत असं काही नाही. तुमच्या खुराड्यात एक आजार शिरलेला नाही, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी आल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यांत मोठी तुमच्या खाद्याच्या पोत्यात आहे.

एका अंड्याचं कवच साधारण पाच-सहा ग्रॅमचं. त्यात निव्वळ कॅल्शियम दोन ग्रॅमच्या आसपास. कोंबडी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्मंच अंगी लावते, म्हणजे अंडं देणाऱ्या आरआयआरच्या पोटात दिवसाला चार ग्रॅम तरी गेलं पाहिजे. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं. ११० ग्रॅम मॅश खाल्लं की चार ग्रॅमचा हिशेब जवळपास पुरा होतो. ब्रॉयलर फिनिशरमध्ये ते टक्काभर. हे खाद्य सहा आठवड्यांत मांसाला तयार होणाऱ्या पक्ष्यासाठी बनवलेलं असतं, त्याला कवच घडवायचंच नसतं. त्यात तुम्ही निम्मा भात मिसळता, आणि भातात कॅल्शियम नावालाही नाही. म्हणजे तुमच्या कोंबडीला चार ग्रॅमऐवजी जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम मिळतंय. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. काही आठवडे ते चालतं, म्हणून गणपतीपर्यंत सगळं ठीक दिसलं. मग कवच पातळ होतं, मग पापुद्र्याचं अंडं पडतं, आणि शेवटी शरीर अंडं बनवणंच थांबवतं. पोतं बदलल्याशिवाय बाटलीनं हे भरून निघणार नाही. बाटलीतलं कॅल्शियम अडल्या वेळी चांगलं, रोजचं जेवण म्हणून नाही.

चुन्याचं काकूंना जरूर सांगा. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. निवळीच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम ग्रॅमभरही उतरत नाही. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, म्हणजे तिच्या वाट्याला आलं पाव ग्रॅमपेक्षा कमी. आणि तळाचा गाळ ढवळून दिलात तर तो तोंड पोळतो, पाणी कडू लागतं, कोंबड्या पाणी कमी पितात. अंड्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग पाणीच असतो, त्यामुळे चुन्यापायी तहानलेली कोंबडी उलट अंडं चुकवते. खुराड्यात चुन्याची जागा भिंतीवर आहे, त्याकडे पुढे येऊच.

आता करायचं काय. आजपासून पाच आरआयआर आणि दोन तलंगांना लेयर मॅश, माणशी म्हणतो तसं कोंबडीशी ११० ग्रॅम. सात जणींना पाऊण किलोला थोडं जास्त. गावरान फिरून खातात, त्यांना ६०-७० ग्रॅम पुरतं. वाटी एकदा काट्यावर तोलून घ्या, मग रोज तीच वाटी. भात बंद करायची गरज नाही, पण तो संध्याकाळी आणि दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. खारट आमटी कालवलेला भात मात्र नको.

शिवाय एका वेगळ्या भांड्यात शेलग्रिट, म्हणजे शिंपल्याचा चुरा, कायम ठेवा. खाद्यात कालवू नका. जिला अंडं घडवायचंय ती बरोबर तिथं जाते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत. कोंबड्याला तर ते जास्त झालेलं सोसतही नाही. चुरा तांदळाच्या दाण्याएवढा ते ज्वारीएवढा जाड हवा, पिठासारखा नको. कारण मजेशीर आहे. अंडं बनायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीस तास ते कवचाच्या कोठडीत असतं, आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा. म्हणजे कवचाला सगळ्यांत जास्त कॅल्शियम लागतं तेव्हा कोंबडी दांड्यावर झोपलेली असते. जाड कण पोटातल्या दगडीत (दाणा दळणाऱ्या पिशवीत) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात; पीठ संध्याकाळीच पुढे निघून जातं. म्हणून भांडं दुपारी चारनंतर भरलेलं आहे ना, तेवढं बघा. घरची अंड्याची टरफलं तव्यावर खरपूस भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून घातली तरी चालतात. बांधकामाची खडी किंवा नदीची रेती ही वेगळी गोष्ट. ती दाणा दळायला उपयोगी पडते, पण तिच्यातून कॅल्शियम मिळत नाही.

मॅश गावात मिळत नसेल तर घरी दहा किलोचं मिश्रण असं होतं: भरडलेला मका ५ किलो, सोयाबीन पेंड २ किलो ३०० ग्रॅम, भाताचा बारीक कोंडा दीड किलो, शेलग्रिट ९०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. प्रथिनं १६ टक्क्यांच्या वर आणि कॅल्शियम पावणेचार टक्क्यांच्या आसपास बसतं. पेंडीऐवजी घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका, कच्च्या सोयाबीनमधली प्रथिनं कोंबडीला पचत नाहीत. गाईचं खनिज मिश्रणही नको. आणि मक्याच्या दाण्याच्या टोकाला हिरवी-काळी बुरशी दिसली, किंवा पोत्यात हात घातल्यावर कुबट वास आला, तर ते पोतं सगळं बाद. धुऊन, उन्हात घालून बुरशीचं विष जात नाही. ते यकृतावर जातं आणि अंडी महिनोन् महिने घटतात. या मिश्रणात जीवनसत्त्वांची भर नाही. तुमच्या कोंबड्या संध्याकाळी सुटतात, मेथी-घास-किडे खातात, म्हणून चालून जाईल. कायम कोंडलेल्या कोंबड्यांना हे एकटं पुरणार नाही.

फरक कधी दिसेल? कवच आठवड्याभरात घट्ट होऊ लागतं. आकडा वाढायला थोडं थांबावं लागेल, कारण बलक भरायलाच आठ-दहा दिवस लागतात. तीन आठवडे तरी धीर धरा.

पण तीन आठवड्यांनी पाचही आरआयआर अंडी देतील असंही नाही. त्यासाठी कोणती देते आणि कोणती फुकट जेवते, ते हातानं बघता येतं. रात्री, कोंबड्या दांड्यावर शांत असताना, एकेक उचलून काखेत धरा, तोंड मागे, शेपूट पुढे. शेपटीखाली बोटं ठेवा. अंड्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्या मध्ये तुमची दोन किंवा तीन बोटं सहज बसली आणि हाडं लवचिक लागली, तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं जात असेल आणि हाडं ताठ असतील तर नाही. वाटही बघा: देणारीची रुंद, ओलसर आणि फिकी, न देणारीची आवळलेली, कोरडी, पिवळसर. आरआयआरसारख्या पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांत आणखी एक खूण असते. अंगातला पिवळा रंग बलकात जातो, त्यामुळे अंड्यावर आल्यावर आधी वाट फिकी पडते, मग डोळ्याभोवतीचं कडं, दीड महिन्यात चोच आणि चार-पाच महिन्यांत पायांच्या नळ्या. डिसेंबरात जिच्या नळ्या हळदीसारख्या पिवळ्याधमक आहेत, तिनं या पावसाळ्यात तुम्हाला फारसं काही दिलेलं नाही. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची प्लॅस्टिकची कडी घाला आणि वहीत टिपा.

मान उघडी पडलेली जी आहे, तिच्या कातडीवर निळसर टोकाच्या काड्या फुटताना दिसतील, नवी पिसं. ती पिसं टाकते आहे. दीड वर्षाच्या कोंबडीनं हिवाळ्याच्या तोंडाला हे करायचंच असतं. डोकं-मान, मग छाती-पाठ, पंख आणि शेपूट सगळ्यात शेवटी. दोन ते तीन महिने लागतात आणि त्या काळात अंडं बंद. पीस म्हणजे जवळपास नुसतं प्रथिन, त्यामुळे तिला बिनमिठाच्या सुकटीचा चुरा रोज चमचाभर, नाहीतर दोन चमचे भिजवलेली शेंगदाणा पेंड द्या. पेंड वासाची नसावी. काड्या फुटत असताना तिला उगाच हाताळू नका, त्या दुखऱ्या असतात आणि मोडल्या तर रक्त येतं. पिसं फक्त पाठीवरची गेली असतील तर मात्र तो कोंबड्याच्या नखांचा प्रताप, आणि वाटेभोवतीची गेली असतील तर उवा.

दिवसाच्या लांबीचाही यात हात आहे. अंड्याला चौदा तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये सव्वातेरा तासांचा दिवस मिळतो आणि डिसेंबरात अकरा तासांचा. गावरान कोंबडीनं या दिवसांत थांबणं हा तिचा हक्कच म्हणायचा. आरआयआर आणि तलंगांसाठी ९ वॅटचा पिवळसर एलईडी दांड्यापासून हात-दीड हात वर लावा. दांड्याजवळ वर्तमानपत्र वाचता आलं की उजेड पुरेसा. दिवा पहाटे लावायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी लावून एकदम विझवलात तर कोंबड्या अंधारात खालीच अडकतात. पहिल्या आठवड्यात सहाला, मग दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे, असं करत साडेचारपर्यंत या. एकदा सुरू केलात की मेपर्यंत खंड नको. चार दिवस वीज गेली तरी काही जणी पिसं टाकायला बसतात. हा खटाटोप सात कोंबड्यांसाठी करायचा की फेब्रुवारीची वाट बघायची, हे तुम्ही ठरवा. आमच्या मते खाद्य सुधारा आणि दिवा पुढच्या वर्षी सप्टेंबरातच लावा. पिसं टाकणाऱ्या कोंबडीला उजेडानं ढकलण्यात अर्थ नाही.

गावरान चौघींचा हिशेबच वेगळा. बारा-पंधरा अंडी घालायची, खुडूक व्हायचं, म्हणजे अंडी उबवायला बसायचं, महिना-दोन महिने सुट्टी. वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी हे त्यांचं चांगलं उत्पन्न. पण त्या खरंच थांबल्या आहेत की दुसरीकडे घालताहेत, हे आधी बघा. तुमच्या कोंबड्या चार वाजता सुटतात. गावरान तेवढ्यात कडब्याच्या गंजीत किंवा घाणेरीच्या जाळीत जागा करते. तीन दिवस संध्याकाळीही सोडू नका. खुराड्यात अंडी वाढली तर उत्तर मिळालं. मग गंज उपसायला जाताना काठी घेऊन जा, अंड्यांच्या मागावर धामण आणि नागही येतात. खुडूक मोडायची असेल तर नाकातून पीस ओवणं, बादलीत बुचकळणं हे प्रकार सोडा. तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून हातभर उंच, उजेडात ठेवा, खाणं-पाणी भरपूर. पोटाखाली गार वारा लागला की अंगातली ऊब उतरते. अंडं पुन्हा यायला त्यानंतर दोन-तीन आठवडे.

आता अडलेली कोंबडी. तुमची वाचली ते नशीब. दीड दिवस फार झाला. अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं, आणि पापुद्र्याच्या मऊ अंड्यावर त्या स्नायूंना धड पकडही मिळत नाही. म्हणजे दांड्याखालची अंडी आणि हे कुंथणं एकाच कारणाची दोन रूपं. पुन्हा झालं, तर असं करा.

आधी तिला बाकीच्यांपासून वेगळी काढा, कारण मागून काही ओलं-लाल दिसलं की इतर कोंबड्या तिथंच टोचतात. मग खरंच अंडं अडलंय का, ते बघा. नखं कापलेलं, धुतलेलं बोट खोबरेल तेलात बुडवून वाटेत हळूच आडवं सरकवा. दोन पेरं आत अंडं लागेल, कडक किंवा रबरी चेंडूसारखं. ते न लागता पोटच पाण्याच्या पिशवीसारखं मऊ, लोंबतं आणि गरम लागलं तर अंडं अडलेलं नाही. बहुधा बलक पोटात सांडून आत पू झालेला असतो. त्यावर घरगुती उपाय नाही, डॉक्टरांकडेच न्या, आणि आशा थोडीच ठेवा.

अंडं असेल तर टबात कोमट पाणी घ्या, तान्ह्या बाळाला घालतो तेवढंच गरम; कोपर बुडवून बघा. पाणी तिच्या पोटापर्यंत येईल असं तिला वीस मिनिटं बसवा. पहिली दोन मिनिटं फडफडेल, नंतर ऊब लागली की डोळे मिटते. गार होईल तसं पाणी बदला. बाहेर काढून टॉवेलनं पूर्ण कोरडी करा, थंडीच्या दिवसांत ओली कोंबडी तशीच मरेल. वाटेच्या आत तेलाचा हात फिरवा. माणसांच्या ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या गोळीची अर्धी कुटून पाण्यात कालवा आणि चोचीच्या कडेनं थेंब-थेंब द्या. सरळ घशात पिचकारी मारू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, औषध फुप्फुसात जाईल. दुकानदाराची बाटली या एका वेळेला कामी येईल, मात्रा बाटलीवरची. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली भाताचं पिंजार, वर पोतं, पूर्ण अंधार, आणि दोन तास कुणी डोकवायचं नाही. बहुतेक वेळा अंडं तिथंच पडतं. नाहीच पडलं तर दिवसातून तीनदा हेच.

पोट दाबून अंडं पिळून काढू नका, आणि आत फोडू तर मुळीच नका. कवचाच्या धारेनं आतली नळी चिरते आणि उरलेलं आत सडतं. चोवीस तासांत सुटका झाली नाही, किंवा तुरा काळा-निळा पडू लागला, तर गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. अंडं पडल्यावर मागून गुलाबी मांस बाहेर राहिलं तर कोमट मिठाच्या पाण्यानं धुऊन त्यावर साखर पेरा. सूज उतरली की तेलाच्या बोटानं आत सरकवा आणि आठवडाभर अंधारात एकटी ठेवा, म्हणजे अंडंही थांबतं. दोनदा परत बाहेर आलं तर ती कोंबडी अंड्याला ठेवण्यात अर्थ नाही.

अंडी खाणारी कोंबडी पातळ कवचामुळेच शिकते. अंडं आपोआप फुटतं, एक चाखते, मग बाकीच्या. फोडलेल्या अंड्यात तिखट भरून ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. उपयोग नाही, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, म्हणून तर पोपट मिरच्या खातात. त्याऐवजी दहा वाजता आणि एक वाजता अंडी उचला. अंड्याचं खोकं फूट-बाय-फूट, चार-पाच कोंबड्यांमागे एक. आत चार बोटं पिंजार आणि तोंडाला पोत्याचा पडदा. अंधारात अंडं दिसलं नाही की टोचायची खोड राहत नाही. एखादं लाकडी अंडं आत ठेवा. चोच दोन-चारदा आपटली की कोंबडी कंटाळते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण आज रात्री बघाच. नऊनंतर टॉर्च आणि पांढरं फडकं घेऊन खुराड्यात जा. दांड्याच्या खालच्या अंगाला, विशेषतः तो भिंतीत जिथं घुसतो तिथल्या फटीत, फडकं दाबून फिरवा. फडक्यावर लाल रेघ उमटली, तर ते तुमच्या कोंबड्यांचं रक्त. हे बारीक लाल किडे आणि त्यांच्याबरोबर कधी चपटे गोचीड, दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी उलटीपालटी करून बघितली तरी काही सापडत नाही. तुरे फिके पडणं, अंडी कमी होणं, संध्याकाळी कोंबड्यांनी खुराड्यात शिरायला कां-कूं करणं, ही त्यांची लक्षणं. सापडले तर दांडे बाहेर काढून उकळतं पाणी ओता, फटी बुजवा आणि भिंतींना चुन्याची दाट सफेदी द्या. काकूंचा चुना इथं कामाला येतो. गोठ्यात फवारायचं कीटकनाशक डॉक्टरांकडून मात्रा घेऊन, कोंबड्या बाहेर काढून, रिकाम्या खुराड्यात मारा. अंडी, खाद्य आणि पाण्याच्या भांड्यावर नाही. सात दिवसांनी पुन्हा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवी पिढी तोपर्यंत फुटलेली असते. कोंबड्यांसाठी कोपऱ्यात घमेलंभर कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख ठेवा, त्या लोळून आपलं आपण बघतात.

जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, तेही आठवा. फिरणाऱ्या कोंबड्यांना दर तीन महिन्यांनी द्यावं लागतं. कोणतं आणि अंडी किती दिवस टाळायची, ते डॉक्टरांना विचारून.

आता ती पुडी. जीवाणूंचा आजार नसताना अँटिबायोटिकनं अंडं वाढत नाही, पण औषधाचा अंश मात्र अंड्यात उतरतो. काही औषधं अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यायचीच नसतात, आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर केंद्र सरकारनं २०१९ मध्येच खाद्यासाठीच्या पशुपक्ष्यांत बंदी घातली आहे. पाकीट घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. किती दिवस अंडी खायची नाहीत, ते त्यावरच्या औषधाच्या नावावरून ठरेल. तोवर ती घरात वापरू नका आणि शेजारी देऊ नका.

डॉक्टरांना तातडीनं गाठायची वेळ कोणती, तेही लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत सगळ्यांचीच अंडी एकदम घटली, सोबत शिंका, घरघर, हिरवी हगवण किंवा मान पिळवटणं असेल, तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. कवचावर सुरकुत्या आणि फोडल्यावर पांढरा भाग पाण्यासारखा पसरत असेल, तर श्वासनलिकेचा विषाणू. एका दिवसात दोन-तीन कोंबड्या पटापट मेल्या तर मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं शिवू नका, ओढ्यात फेकू नका, १९६२ वर फोन करा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तो तिथला तालुका अजून विसरलेला नाही.

लसीचं तुमच्या पत्रात काही नाही, म्हणून विचारतो: मानमोडीची लस दिली आहे का? नसेल तर पिसं टाकणारी सावरली की लासोटा पाण्यातून द्या, मग दर दोन-तीन महिन्यांनी. आर-टू-बी टोचायची लस आठ आठवड्यांच्या पुढच्या पिलांसाठी; अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना टोचली तर उरलीसुरली अंडीही बसतील. लासोटाची कुपी किमान शंभर कोंबड्यांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा आळीतली चार घरं जमवा. लस बर्फाच्या थर्मासमध्ये आणा. पाणी विहिरीचं, ब्लीचिंग न टाकलेलं, लिटरला चमचाभर सायविरहित दूध पावडर विरघळवून. त्याआधी दोन तास पाण्याची भांडी उचलून ठेवा, म्हणजे लसीचं पाणी पुढ्यात आल्यावर सगळ्या एकदम प्यायला येतात. बारा कोंबड्यांना एकच भांडं ठेवलंत तर कोंबडा आणि दोन दांडग्या आरआयआर पितील आणि गावरान लांबून बघत राहतील. तीन भांडी ठेवा.